कवळीमास्तरांची गुलाबी नळी

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याची कवळीमास्तरांशी गाठ पडलेली नसावी. मास्तरांचं पोट गेली सत्तावीस वर्षं दात कोरूनच भरत होतं, आणि ते पोट नुसतं भरलेलं नव्हतं, शर्टाच्या मधल्या दोन बटणांना दिवसभर कामाला लावत होतं.

दाताच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिला सगळे लॅब म्हणत. प्लास्टरची पोती, मेणाच्या वड्या, एक बर्नर, लोकांच्या जबड्यांचे साचे ठेवलेली फडताळं आणि खिडकीखाली मास्तरांचं टेबल, असा तिथला संसार. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचे ठसे घेत, आणि मागे मास्तर त्या ठशांवरून कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवत. पेशंटला वाटे, सगळं बाईंनीच केलं. मास्तरांना त्याचं दुःख नव्हतं. माणसांना समोरासमोर भेटायची त्यांना फारशी हौस नव्हती, कारण त्यांना चेहरे लक्षातच राहत नसत. रस्त्यात कोणी नमस्कार केला की ते त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. तो हसला की ओळख पटे. ‘अच्छा, खालचे डावीकडचे दोन,’ असं मनात म्हणून मग ते घरच्या सगळ्यांची चौकशी करत. न हसणाऱ्या माणसांशी मात्र त्यांचे संबंध कायमचे बिघडलेले होते.

मास्तरांचा जीव त्या खिडकीत होता. ट्यूबलाइटखाली केलेला दात आणि खिडकीच्या उजेडात केलेला दात यांच्यात सावत्र आणि सख्ख्याइतकं अंतर असतं, असं ते म्हणत. सत्तावीस वर्षांत त्यांनी तीन खुर्च्या बदलल्या, दोन चष्मे बदलले, पण टेबल एक वीतभरही हलू दिलं नव्हतं.

आणि एका सोमवारी एक गुळगुळीत माणूस आला, आणि टेबल हलवायचं ठरायला लागलं.

गुळगुळीत माणूस कॅप बनवण्याचं मशीन विकत होता. त्याचे वरचे पुढचे चार दात नकली होते, हे मास्तरांनी दारातच ओळखलं, आणि तेही बऱ्यापैकी केलेले होते याचा त्यांना जास्त राग आला. त्याने मशीनवर बनवलेली एक कॅप नमुना म्हणून आणली होती. बाईंनी ज्या प्लास्टरच्या दातावर मास्तरांकडून कॅप करून घेतली होती, त्याच दाताचं माप बाईंकडून आधीच घेऊन ती केलेली. मशीन ठेवायला उजेडाची, हवेशीर जागा लागेल, असं म्हणत त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती खिडकीखाली आणून ठेवली. मास्तरांचं टेबल काय, जिन्याखाली जाईल. तात्पुरतं.

‘तात्पुरतं’ ऐकून मास्तरांची दातखीळ बसली. या जगात कायम टिकणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांतली ही एक, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तात्पुरत्या म्हणून बसवलेल्या कवळ्या लोक वीस-वीस वर्षं वापरत होते.

गुळगुळीत माणूस गेल्यावर मास्तरांनी तोंड उघडलं. मशीनची कॅप दाताच्या कडेशी नीट बसत नाही, कोपऱ्यात फट राहते, फटीत अन्न शिरतं, अन्नामागून कीड शिरते, वगैरे. बाईंनी दोन्ही कॅप आळीपाळीने दातावर चढवून भिंगातून पाहिल्या. बाई न्यायी होत्या, आणि न्यायी माणसासमोर रडून उपयोग नसतो.

“मास्तर, तुम्हाला दिसतंय ते मला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “मला दिसेल असं काहीतरी दाखवा. शनिवारी तो उत्तर न्यायला येणार आहे. आणि या दोन्ही कॅप आहेत तशाच राहू देत. आता कानस लावायची नाही.”

फट होती अर्ध्या केसाएवढी. ती दुसऱ्याला दाखवायची म्हणजे फोटो काढून मोठा करायचा, एवढं मास्तरांना सुचलं. फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा, आणि कॅमेरा म्हणजे मेहुणा.

मास्तरांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विमा कंपनीत कारकून होता. पण मनाने फोटोग्राफर होता. त्याच्या कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तासभर व्याख्यान ऐकावं लागे. मंगळवारी मास्तरांनी ते ऐकलं. मेहुण्याने कॅमेरा गळ्यात अडकवून दिला, पट्टा मानेमागून दोनदा तपासला, आणि लहान मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडावं तसा चेहरा करून निरोप दिला.

कॅमेरा लांबचं सगळं उत्तम टिपत होता. समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर किती कावळे बसलेत आणि त्यांतला कोणता आजारी आहे हेसुद्धा कळत होतं. पण कॅप जवळ आणली की तो नुसता घरघरायचा. लेन्स पुढे यायची, मागे जायची आणि शेवटी जो फोटो निघायचा त्यात पांढरा ढग असायचा. मेहुण्याने फोनवर निदान केलं: “भावोजी, एक्स्टेन्शन ट्यूब लागेल. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची. सोप्पं आहे.”

सोप्पं आहे असं म्हणणाऱ्या माणसाला शिक्षा करायची तरतूद कायद्यात का नाही, हा प्रश्न मास्तरांना त्या आठवड्यात पुष्कळदा पडला.

बुधवारी ते जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार खालच्या सुळ्याला कीड लागलेला, बारीक आवाजाचा गृहस्थ होता. त्याने काचेवर तीन काळ्या कड्या मांडल्या: एक बारा मिलिमीटरची, एक वीसची, एक छत्तीसची. मास्तरांनी एक उचलून डोळ्याला लावली. आरपार दुकानदार दिसला.

“यात काच कुठंय?”

“काच नसते.”

“मग आत काय असतं?”

“काही नाही. पोकळ असते. त्या पोकळीनेच तर जवळचं दिसतं.”

मास्तरांनी कडी उलटी करून दुसऱ्या बाजूने पाहिली. दुकानदार अजून तिथेच होता. कीड लागलेल्या सुळ्यासकट.

मग दुकानदाराने समजावलं. लेन्स कॅमेऱ्यापासून जितकी लांब ढकलाल, तितकं जवळचं आणि मोठं दिसेल. पण मोठं दिसायला लागलं की उजेड कमी पडेल, आणि वस्तूचा पातळसा एक थरच स्पष्ट येईल. शिवाय ट्यूब दोन जातींच्या. एकीला सोनेरी ठिपके असतात. त्यांतून कॅमेरा लेन्सशी बोलतो. दुसरी बिनठिपक्यांची, तिच्यात दोघांचा अबोला. तुम्हाला कोणती हवी?

मास्तरांनी आयुष्यात शेकडो माणसांच्या जबड्यांची मापं पाहिली होती, पण आपल्याला किती पोकळी हवी हे त्यांना सांगता येईना. अर्ध्या केसाला किती मिलिमीटर पुरतील, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, ते लेन्सवर अवलंबून. लेन्स कोणती घ्यावी म्हणून विचारलं, तर ते ट्यूबवर अवलंबून. पाठीमागे गिऱ्हाईक खाकरायला लागलं तेव्हा मास्तरांनी आपल्या धंद्यातला हिशेब लावला. जितके दात जास्त पडलेले तितकी कवळी मोठी लागते. आपली अडचण मोठी, म्हणून तिन्ही द्या. ठिपकेवाल्या दुकानात दिसत नव्हत्या, आणि अबोल्याचा त्यांना बाऊ वाटला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात आठवड्यातून दोनदा असायचा आणि स्वयंपाक वेळेवरच व्हायचा.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिन्ही कड्या एकीला एक जोडून त्यांनी पुढे लेन्स लावली. नाकापेक्षा मोती जड झाला. कॅमेऱ्यातून पाहिलं तर ढगही दिसेना. थोडे जवळ गेले. आणखी जवळ गेले. शेवटी टिक असा आवाज झाला आणि कॅप लेन्सच्या काचेला जाऊन टेकली. तरीही काही दिसलं नाही.

“अहो, तिचा मुका घेताय की फोटो?” मास्तरीणबाई पलीकडे शिलाईच्या मशीनवर बसल्या होत्या. घरबसल्या त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवत, आणि नवऱ्याची बिनपाण्याने करायला त्यांना मशीन थांबवावं लागत नसे.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी दुकानदाराला फोन लावला. त्याने लेन्सवरचा आकडा विचारला आणि हसला. लेन्स तुम्ही रुंद करून, म्हणजे जास्तीत जास्त देखावा मावेल अशी ठेवलीय. एवढी पोकळी लावल्यावर स्पष्ट दिसायची जागा काचेच्या आत गेली असणार.

“म्हणजे मी कॅप काचेच्या आत ठेवू?”

दुकानदार म्हणाला, तसं नाही. आकडा मोठा करा, एकच कडी लावा. मास्तरांनी केलं, आणि कॅप दिसली. भली मोठी, हत्तीच्या दातासारखी. पण आगीतून फुफाट्यात. बिनठिपक्यांच्या ट्यूबमुळे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक लहान करता येईना. ते सताड उघडं राहिलं, आणि सिगरेटच्या कागदाएवढी जाडी तेवढी स्पष्ट यायला लागली. कॅपची कड स्पष्ट आली की दात धुक्यात, दात स्पष्ट आला की कड धुक्यात. आणि दाखवायचं होतं ते त्या दोघांमधलंच. भोक लहान करायचं तर ठिपकेवाली ट्यूब लागेल, असं कळलं. ती दुकानदाराकडे होती, पण दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याची. तुमची मागवतो की. पंधरा दिवस.

मास्तरांनी फोन ठेवला तो जरा जोरातच. लॅबमध्ये फडताळावरचे जबडे खुळखुळले आणि ते सगळे आपल्याला हसताहेत, असं त्यांना वाटलं.

मेहुण्याची थोडीफार दया आली असेल किंवा कॅमेऱ्याची काळजी वाटली असेल, पण दुपारी तो लॅबवर आला आणि त्याने रुमालात गुंडाळलेली एक जुनी लेन्स टेबलावर ठेवली. ती मास्तरांच्या सासऱ्यांची. जुन्या लेन्सचं भोक तिच्याच अंगावरची एक कडी फिरवून लहानमोठं करता यायचं. कॅमेऱ्याशी बोलायची गरजच नाही. मास्तरांना सासऱ्यांबद्दल प्रथमच आदर वाटला. फक्त ती लेन्स ना मेहुण्याच्या कॅमेऱ्यावर बसत होती, ना कालच्या कड्यांवर. या दोघांना जोडणारी ट्यूब मिळेल का, असं विचारायला पुन्हा दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, मिळेल, पण तीही मागवावी लागेल.

आता मात्र मास्तरांचं डोकं फिरलं. एकमेकांची ओळखदेख नसलेले वरचे आणि खालचे जबडे त्यांनी सत्तावीस वर्षं जुळवून दिले होते. एक कॅमेरा आणि एक लेन्स जुळवायला यांना पंधरा दिवस लागतात? मेहुणा जाताना दोन झाकणं टेबलावर विसरला होता, एक कॅमेऱ्याच्या तोंडावरचं आणि एक लेन्सच्या मागचं. ती अचूक बसणारीच होती. मास्तरांनी बारीक चकतीने दोन्हींची मधली पोटं कापून काढली, उरलेल्या कड्या समोरासमोर धरल्या, आणि मधली दोन बोटं जागा आपल्या हुकमी मालाने भरून नळी केली. तो माल म्हणजे कवळीच्या हिरड्या करायचा गुलाबी मसाला. पूड आणि द्राव कालवून साच्यात घातला की तासाभरात दगड होतो. नळी इतकी सुबक झाली की तिच्या कडेला दोन दाढा बसवायचा मोह त्यांनी महत्प्रयासाने आवरला.

संध्याकाळी घरी फोटो काढले. भोक लहान केल्यावर कड आणि दात दोन्ही एकदम स्पष्ट व्हायला हवेत. झाले नाहीत. सगळ्या फोटोंवर गुलाबी साय पसरली होती. कॅप गुलाबी, प्लास्टर गुलाबी, मागची भिंत गुलाबी. मास्तरांनी उजेड बदलला, बल्ब बदलला, चष्मा पुसला. एका फोटोत तर कॅप सुजलेल्या हिरडीसारखी दिसली, आणि मास्तरांचा हात सवयीने औषधाकडे गेला. मेहुणा बघायला आला तो झाकणांची दशा पाहून खाली बसला. त्याला पाणी द्यावं लागलं.

मास्तरीणबाईंनी नळी हातात घेतली आणि उजेडासमोर धरली. नळीच्या भिंती आतून उजळून निघाल्या.

“आत उजेड खेळतोय, दिसत नाही का?” त्या म्हणाल्या. “पातळ कापडाचं तसंच होतं. काळं अस्तर लावा.”

एवढं साधं आपल्याला सुचलं नाही, याचा मास्तरांना त्या गुलाबी फोटोंपेक्षा जास्त संताप आला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांना तोंडाचा आतला रंग गुलाबीच असायला हवा, अशी सवय जडली होती. दुकानातल्या कड्या आतून काळ्या का होत्या, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काळा कागद मिळाला तो दवाखान्याच्या कपाटातच. दातांच्या एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पाकिटांत तो असतो, उजेड अडवण्याकरताच. मास्तरीणबाई स्वतः लॅबवर आल्या, त्यांनी नळीच्या आतल्या घेराचं माप घेतलं, शिलाईच्या कात्रीने पट्ट्या कापल्या, आणि मास्तरांनी त्या मेणाने चिकटवल्या. “जांभई देतोय तुमचा कॅमेरा,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

उरलेला दिवस खिडकीपाशी गेला. स्पष्ट करायला लेन्सची कडी फिरवून उपयोग होत नव्हता. कॅमेरा आणि दात यांच्यातलंच अंतर केसाकेसाने बदलावं लागत होतं. मास्तरांनी प्लास्टरचा दात कोमट मेणाच्या गोळीवर बसवला, आणि करंगळीने दाबत दाबत तो पुढेमागे केला. रस्त्यावरून ट्रक गेला की फोटो हलायचा. ढग आला की थांबायचं. पुढच्या खोलीत बाईंचं कोरणीयंत्र सुरू झालं की टेबल थरथरायचं, आणि ते दिवसातून तीसदा सुरू व्हायचं. मास्तर श्वास धरून बटण दाबत आणि श्वास सोडताना जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोनशे फोटो काढले.

ते त्यांनी घरी मेहुण्याच्या लॅपटॉपवर पाहिले. एकशे शहाण्णव टाकाऊ निघाले. उरले चार.

पहिल्या दोनांत मशीनची कॅप होती. तिची कड सरळ होती, पण दाताच्या आतल्या कोपऱ्यात मशीनचं कोरायचं टोक पोहोचलं नव्हतं. तिथे फट होती, काळी, लांब, आंधळ्यालाही दिसेल अशी. तिसऱ्यात त्याच कोपऱ्यावर मास्तरांची कॅप: फट नाही. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मेहुणा झाकणांचं दुःख विसरला.

चौथ्यात मास्तरांच्याच कॅपची दुसरी बाजू होती. तिथली कड दाताच्या अलीकडेच थांबली होती. एक पायरी होती, पायरीखाली फट, आणि ती मशीनच्या फटीहून रुंद होती.

मास्तरांना वाटलं, ढग असेल. मोठं करून पाहिलं. ढग नव्हता. ती बाजू करताना ते टेबलाच्या उजव्या हाताला बसतात, खिडकीचा उजेड पाठीमागून येतो, स्वतःच्या डोक्याची सावली कामावर पडते. सत्तावीस वर्षं तीच सावली पडत होती.

“हा उडवा, भावोजी,” मेहुणा हळूच म्हणाला. “तीनच न्या. कोण विचारतंय?”

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. दाताच्या कडेपासून कडेपर्यंत एकही जागा धूसर नव्हती. प्लास्टरचे कणसुद्धा मोजता येत होते.

“उडवा काय?” ते चिडून म्हणाले. “चार दिवसांत हा एकच फोटो नीट आलाय.”

शनिवारी चारही छापून त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवले. गुळगुळीत माणूस आधीच येऊन बसला होता. पहिले दोन पाहून तो म्हणाला, एवढ्या जवळून बघितलं तर कोणाचंच खरं नसतं, आणि पेशंट काही आपल्या तोंडात डोकं घालून बघत नाही. चौथा फोटो बाईंनी उचलला, खिडकीशी नेला, उलटा करून पाहिला.

“ही कोणाची?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मास्तरांनी घसा साफ केला.

“माझी.”

गुळगुळीत माणूस हसला. चार नकली दात, मास्तरांच्या मनात आलं, आणि तेही बऱ्यापैकी.

“मला सत्तावीस वर्षं कळलं नाही, मास्तर,” बाई म्हणाल्या.

“मलाही नाही,” मास्तर म्हणाले.

बाईंनी फोटो टेबलाच्या खणात ठेवला आणि निकाल सांगितला. मशीन घ्यायचं. काम वाढलंय, एका माणसाच्या हाताने निभत नाही. पण ते जिन्याखाली बसेल. हवा लागत असेल तर पंखा लावू. खिडकी मास्तरांची, कारण फोटोला उजेड लागतो. यापुढे प्रत्येक कॅपचा आधी असा फोटो निघेल, मशीनच्या आणि मास्तरांच्याही. फोटो पाहिल्याशिवाय एकही कॅप कोणाच्या तोंडात जाणार नाही.

मास्तर खिडकीशी येऊन बसले. टेबल वाचलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि तो होतच होता; एवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की हा चार दिवसांचा छळ आता कायमचा पाठीमागे लागला. तात्पुरता असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी दवाखान्यासाठी कॅमेरा घेतला, मेहुण्याच्याच कंपनीचा. मेहुण्याला त्याचा कॅमेरा आणि दोन नवी झाकणं परत गेली. सासऱ्यांची लेन्स गेली नाही. पंधरा दिवस म्हणणाऱ्या दुकानदाराचा आठवड्यातच फोन आला की ठिपकेवाल्या ट्यूब आल्यात, बाराची देऊ, वीसची देऊ की छत्तीसची. मास्तरांनी सांगितलं की माझ्याकडे माझी आहे, आणि तो खालचा सुळा आधी दाखवून घ्या.

पहिला पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला होता. मास्तरांनी आपली नवी कॅप मेणाच्या गोळीवर बसवली, गुलाबी नळी लावली, या खेपेला टेबलाशी डावीकडून बसले. अकराव्या फोटोत कड स्पष्ट आली. उजवीकडे, जरा खाली, केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी फट.

“मास्तर, झालं का?” पुढच्या खोलीतून बाईंचा आवाज आला.

मास्तरांनी दातओठ खात तो फोटो पुन्हा पाहिला. कॅप उचलून बाजूच्या डबीत टाकली आणि बर्नर पेटवला.

“परवा बोलवा त्यांना,” ते ओरडून म्हणाले, आणि मेणाची नवी वडी घेतली.